उठता उठता मागायचं होतं

खरं तर हे सांगू नये. पण तुम्ही बसलाच आहात, चहा गॅसवर आहे, आणि चहा उकळेपर्यंत मला गप्प राहता येत नाही, हे आमच्या अख्ख्या प्रकाशा गावाला माहीत आहे. तर ऐका. एका शिकणाऱ्या पोरीचं भलं करायला गेले आणि तिचं शिक्षण बुडवत आणलं. तेही एक वाकडा शब्द न बोलता, नुसतं गोड बोलून.

हेतल म्हणजे आमच्या शेजारच्या छगनभाऊ पाटलांची मुलगी. आमची भिंत एक, गच्ची जवळजवळ एक. त्यांच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मला माझ्या घरात कळतं. मोजत नाही हो मी. कळतं.

ती रसायनशास्त्रात पीएचडी करते. विषय मिरचीचा. आमच्याकडे मिरची वाळत पडली की एसटीतली माणसं नंदुरबार येण्याआधीच शिंकायला लागतात, म्हणजे विषयाला तोटा नाही. तिखटात कुणी वरून रंग मिसळला असेल तर घरच्या घरी, एका कागदी पट्टीवर बाईमाणसाला कळावं, असं काहीतरी ती करत होती.

यंदा होळी झाली आणि पोरीचा चेहरा उतरला. गच्चीत पापड घालता घालता मी बघत होते. ती दर दोन मिनिटांनी फोन उघडायची, बघायची, ठेवून द्यायची. आता तरण्या पोरीचं असं काही दिसलं की माझ्यासारखीला काय वाटणार? मी पापड सोडून कठड्याशी गेले.

"काय वं हेतल, कोनी वाट देखी ऱ्हायनी?"

"एका लेखाची, काकू."

"लेखाची? माणसाची नही?"

"लेखाचीच," ती म्हणाली आणि तिने मला फोनवर दाखवलं. तिकडे लांब थंडीच्या मुलुखातल्या एका प्रोफेसरने चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेला लेख. मिरचीतला खरा रंग आणि घातलेला रंग वेगळा कसा करायचा, त्याची रीत त्यात होती. वर दहा ओळी वाचायला मोकळ्या. त्याखाली कुलूप. पुढचं वाचायचं तर डॉलरमध्ये पैसे भरा.

"वर काय लिहिलंय?"

"रंग वेगळा झाला, असं लिहिलंय."

"आणि कसा झाला?"

"ते कुलपात."

मोठ्या शहरांतल्या कॉलेजांना असे लेख उघडतात म्हणे, हिच्या कॉलेजला उघडत नव्हता. आणि तो एक लेख वाचून भागेल असंही नाही, त्याच्या आधीचे दोन, तेही कुलपात. मी विचारलं, मग त्या प्रोफेसरला तरी पैसे मिळतात ना? ती म्हणाली, एक पैसा नाही. लिहिणारा फुकट लिहितो, तपासणारे फुकट तपासतात, कुलूप छापणाऱ्याचं.

खरं सांगू? मला एकदम आमच्या शाळेतलं कपाट आठवलं. नववीत होते. काचेचं कपाट, आत बाटल्या, एकीत निळंभोर मोरचूद. किल्ली सरांकडे. मुलींनी हात लावायचा नाही, फुटेल म्हणायचे. मधल्या सुट्टीत मी त्या काचेला नाक लावून उभी असायची, काचेवर माझ्या श्वासाचं धुकं व्हायचं आणि मोरचूद दिसेनासं व्हायचं. दहावीनंतर लग्न झालं. शेतात फवारायला मोरचूद आणलं की अजून मी पुडी आधी उघडून बघते. आमचे हे म्हणतात, "काय देखस एवढं? दागिना शे का?"

असो. भरकटले.

हेतलच्या मानेवर सुरी होती ती वेगळीच. छगनभाऊंनी सांगून टाकलं होतं, "मी अखाजीलोंग थांबसू. तुन्हं ते प्रकरण सरकडे गयं तर ठीक, नही ते सुरतना पाव्हणा येतीन." म्हणजे अक्षय तृतीयेच्या आत प्रबंधाचं ते प्रकरण गाईडसरांच्या हातात पडलं नाही, तर मुलगा बघायचा, आणि मुलगा बघितला की पीएचडी कसली?

"मग त्या प्रोफेसरकडेच मागायचा ना," मी म्हटलं.

"मागितलाय. स्वतःची प्रत ते देऊ शकतात. सगळे तसंच करतात. चार दिवस झाले."

"काय लिहिलं ते वाच बरं."

तिने वाचलं. माझं नाव अमुक, मी अमुक करते, आपला लेख इथे मिळत नाही, कृपया पाठवावा. आपली विश्वासू.

मी कपाळाला हात लावला. "बस? त्याची तब्येत नाही विचारली, घरात कोण-कोण ते नाही, एकदम द्या? अगं, मी तुझ्या आईकडे विरजण मागायला येते ना, तर आधी अर्धा तास बसते. चहा होतो, इकडचं-तिकडचं होतं, आणि मग उठता उठता, पायात चप्पल घालताना म्हणायचं, 'अगं हो, थोडं विरजण शे का?' हे असं मागायचं असतं."

हेतल हसली. "काकू, तिकडे असं नसतं."

"माणूस सगळीकडे सारखाच," मी म्हटलं.

आणि फोन कठड्यावर उघडाच ठेवून ती चहा करायला खाली गेली तेव्हा मी तिच्या फोनवरच्या त्या पत्त्याचा माझ्या फोनने फोटो काढून घेतला. चोरी म्हणा हवं तर.

माझ्या वापीच्या मुलाने मला ईमेल उघडून दिलंय, गॅसचा सिलिंडर नोंदवायला. फोनला मराठीत सांगितलं की तो इंग्रजी करून देतो, हेही त्यानेच शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी आटोपून बसले आणि सुरुवात केली. साहेब, नमस्कार. जेवण झालं का? गुडघे कसे आहेत? थंडीत दुखत असतील. घरी मंडळी काय म्हणतात? मग आमच्याकडचं सांगितलं. तापी, घाटावरची गर्दी, केळीला लागलेलं ऊन, वाळत घातलेली मिरची. मग हेतलचं. पोर किती गुणाची, वडील कसे अडून बसलेत, अखाजीला सुरतचे पाहुणे येणार, मुलाचं कापडाचं दुकान आहे, घराणं चांगलं आहे. चांगलं तासभर बोलले. आता उठता उठता लेखाचं म्हणणार, तर आमचे हे दारात.

"कोनासंगे बोली ऱ्हायनी व एवढी?"

मी दचकून बोट दाबलं आणि पत्र गेलं. मागणं राहिलंच.

मला वाटलं, जाऊ दे, उत्तर आलं तर पुढच्या पत्रात मागू. येणार कुठे?

सकाळी दूध तापवताना फोन वाजला. आलं होतं. आणि केवढं मोठं. फोनने त्याचं मराठी केलं ते असं: "प्रिय बाई, माझे गुडघे समाधानकारक आहेत. काल मी बटाटे खाल्ले. माझी पत्नी चार हिवाळ्यांपूर्वी निघून गेली. मी जेवलो का, हे तिच्यानंतर कोणी विचारलेले नाही." पुढे तळ्याचं होतं, बर्फाचं होतं. शेवटी लिहिलं होतं, अखाजी म्हणजे काय? आणि मुलीला माझ्या शुभेच्छा कळवा.

दूध उतू गेलं. गेलं तर गेलं.

आता तुम्हीच सांगा, ज्याने आत्ता बायको गेल्याचं सांगितलंय, त्याला 'बरं, तो लेख द्या' असं म्हणायचं? आमच्याकडे नाही म्हणत. आणि त्याने विचारलंय अखाजी काय, तर आधी ते सांगायला हवं. मी लिहिलं, लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आंब्याचा रस असतो. मला माहेर उरलं नाही, आईबाप गेले, भाऊ सुरतला. पण तो झोका डोळ्यांपुढून जात नाही. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. फोनला सांगून टाकलं.

त्यांचं नाव मला अजून म्हणता येत नाही, म्हणून मी आण्णा म्हणायला लागले. आण्णा लिहायचे, मी लिहायची. तो लेख त्यांनी आणि बायकोने मिळून केला होता. बाटल्या ती हाताळायची, लिहायचे आण्णा. आता ती प्रयोगशाळा बंद पडली. मी त्यांना कपाटाचं सांगितलं, मोरचुदाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, मग तुम्ही पुढे शिकला का नाहीत? इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

आणि मागायचं? दर पत्राला ठरवायचे, आज उठता उठता मागायचं. आणि उठायचेच नाही. पुढचं तर आणखी वाईट आहे. मला हळूहळू कळलं होतं की मागितलं, त्यांनी दिलं, की काम संपलं. मग ते कशाला लिहितील मला? भिंतीपलीकडे पोर वाळत चालली होती आणि मी अलीकडे पत्रांची वाट बघत होते. मीही दर दोन मिनिटांनी फोन उघडत होते. आमचे हे म्हणाले, "तुले बी पीएचडी लागी गयी का?"

अखाजीला चार दिवस राहिले. गच्चीत कपडे वाळत घालायला गेले, तर हेतल कठड्याशी बसलेली. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"काकू, सुरतचे लोक साडीचा रंग विचारत होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, कुठलाही चालेल."

जी पोर चिमूटभर तिखटातले दोन रंग वेगळे काढायला वर्षं घालवते, ती म्हणते कुठलाही चालेल. बादली तिथेच ठेवली, खाली गेले आणि जन्मात पहिल्यांदा उभ्या उभ्या मागितलं. जेवण नाही, गुडघे नाहीत. "आण्णा, हेतलला तो लेख हवा आहे. आज द्या."

अर्ध्या तासात आला. पानापानाचे फोटो, थोडे तिरके, एका फोटोत अंगठा. सोबत चार ओळी. फोन म्हणाला: "हा लेख मलाही विकत घ्यावा लागला असता, कारण निवृत्त झाल्यावर माझेही कुलूप बंद झाले. मुलीचे पत्र आल्यावर मी माझी जुनी प्रत शोधली. चार दिवस शोधली. ज्या दिवशी सापडली, त्या दिवशी तुमचे पत्र आले की तिचे लग्न ठरले आहे, घराणे चांगले आहे, कापडाचे दुकान आहे. मला वाईट वाटले. मी प्रत परत खणात ठेवली आणि शुभेच्छा दिल्या."

कळलं ना? मी मध्ये पडले नसते तर हेतलच्या चार ओळींवर तिला लेख पाचव्या दिवशी मिळाला असता. मी महिनाभर ज्याची खुशामत करत होते, तो माझं ऐकूनच थांबला होता.

हेतलच्या हातात फोन दिला आणि सगळं कबूल केलं. तिने आधी लेख वाचला, मग माझी सगळी पत्रं वाचली. मी भिंतीला टेकून उभी, नववीतल्यासारखी.

"काकू," ती म्हणाली, "माझ्या लग्नाचं सांगताना तुम्ही यांना दुकानाची रुंदीसुद्धा सांगितलीये."

"विचारलं होतं त्यांनी."

"नव्हतं विचारलं."

मग ती हसली, आणि मला रडू आलं. तीन दिवस ती लिहिण्यावरून उठली नाही, जेवणाचं ताट मी गच्चीच्या कठड्यावरून देत होते, काही न विचारता. अखाजीच्या आदल्या दिवशी प्रकरण सरांकडे गेलं. छगनभाऊ शब्दाचे पक्के. सुरतेला फोन करून म्हणाले, "आते नही. पोरगीनं काम चालू शे."

आण्णांना मी कळवलं. लेख मिळाला, आभार. एवढंच लिहिलं, काम संपलं म्हणून. पुढे लिहायला हात धजेना. आठ दिवस काही नाही. पंधरा दिवस काही नाही. मग एक दिवस पोस्टमन जाड पाकीट घेऊन आला, माझ्या नावाचं. आत त्या लेखाची दुसरी, आण्णांच्या बायकोची स्वतःची छापील प्रत, पिवळी पडलेली, आणि कडेच्या कोऱ्या जागेत तिने पेन्सिलने लिहिलेलं, काय-काय केलं आणि काय-काय फसलं ते. वर चिठ्ठी, ती हेतलनेच मराठीत वाचून दाखवली: "हे कुठेच छापलेले नाही. हेतलच्या उपयोगाचे आहे. पण ठेवा तुम्ही. काचेच्या आत नको. आज काय जेवलात?"

मी ते माझ्या कपाटात ठेवलंय. साडीखाली. किल्ली कमरेला.

परवा हेतलच्या कॉलेजातली एक मुलगी आली, धडगावकडची. दारातूनच म्हणाली, "काकू, पेन्सिलच्या त्या नोंदी बघायच्या होत्या. फोटो काढते आणि जाते, चारची एसटी आहे."

मी म्हटलं, बस तर खरी. चहा टाकला. घरी कोण-कोण, गाव कुठलं, डोंगरात पाणी कसं आहे, आई काय करते. पोर बिचारी घड्याळ बघायची आणि उत्तर द्यायची. बोलायची मात्र गोड. किती दिवसांनी घरात कुणी बसलं होतं. मी कपाट उघडलं तेव्हा चार वाजून गेले होते, पाचचीही गेली. शेवटी हेतल तिला गाडीवर सोडून आली, आणि परत येऊन माझ्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काकू, त्या छापणाऱ्यांच्या कुलपावर निदान किंमत लिहिलेली असते. तुमच्याकडे माणसाला कळतच नाही, अजून किती बसायचं ते."

अरे देवा. तुमचा चहा केव्हाच आटला की.