वाऱ्यातला बाण

वादळी वारा सुटला की आमच्या शेजारचे भिकादादा धनुष्यबाण घेऊन आपल्या भुईमुगाच्या शेतात बसत. त्यांची बायको गेली, तेव्हापासून ते एकटेच जात. एका संध्याकाळी मीही त्यांच्या मागे बांधाआड जाऊन बसलो.

"वारा समोरून आहे. डुकराला आपला वास जायचा नाही," ते म्हणाले.

रानडुक्कर अगदी जवळ येऊन शेंगा उकरू लागलं. दादांनी बाण सोडला, पण वाऱ्याने तो भलतीकडेच नेला. डुकराने मानही वर केली नाही. दादांनी दुसरा बाण लावला नाही. ते नुसते बघत राहिले.

"घरात मी बोलतो ना, ते असंच जातं. कुणापर्यंत पोचतच नाही."

"मी ऐकतोय, दादा," मी म्हणालो. पण माझा आवाज वाऱ्याने मागे नेला आणि त्यांनी वळून पाहिलं नाही.