खोटी डबल बेल

या सदरात लोक पहिल्या ओळीत लिहितात, "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता." माझा अजूनही नाही. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे, सत्तावीस वर्षं झाली. आमच्या कॉलनीत कुणाच्या घरी पाहुणे आजारी पडले तरी आधी मला फोन येतो, "अनुताई, पाणी तर नसेल ना?" न तपासलेलं पाणी तोंडाला लावायचं नाही, हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की माझी पुतणी माझी नक्कल करते... आणि छान करते.

तर मला भुतं-बितं काही दिसलेली नाहीत. मला फक्त बारा बाटल्यांचा हिशेब लागत नाही.

फेब्रुवारीतली गोष्ट आहे. आम्ही सहा जण सात दिवसांच्या पायी वाटेवर निघालो होतो — खुलताबादहून म्हैसमाळ, तिथून डोंगराच्या धारेनं उत्तरेकडे, कन्नडच्या डोंगरांतून गौताळ्याच्या अलीकडपर्यंत. मुक्काम रोज कुठल्या तरी तलावाच्या काठी. मी, माझा नवरा विलास, वाळूजच्या एका कंपनीतले तिघं मित्र, आणि आमचे म्होरके कदमकाका. काका गंगापूर तालुक्यातले, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. वय त्रेसष्ट. चढावर आम्ही धापा टाकत असायचो आणि हे पुढं उभं राहून गावोगावच्या स्टॅण्डवरच्या भज्यांची तुलना करत असायचे.

अशा वाटेवर आयुष्य फार सोपं होतं बरं का. पहाटे पाचला उठायचं, चहा, तंबू गुंडाळायचे, पायाच्या फोडांना पट्ट्या लावायच्या, उन्हं चढायच्या आत निम्मं अंतर कापायचं. दुपारी झाडाखाली शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी, नाहीतर चुरमुरे. संध्याकाळी तलाव दिसला की बूट काढून पाय पाण्यात. चौथ्या दिवशी आपल्याला ऑफिसात काय काम असतं तेच आठवत नाही.

काकांचा एकच नियम कडक होता. रोज एक जण पाणक्या. संध्याकाळी सगळ्यांच्या रिकाम्या बाटल्या — माणशी लिटरच्या दोन, एकूण बारा — तलावाच्या काठी एका पोत्यावर ओळीत मांडायच्या. पाणक्यानं हातपंपाच्या फिल्टरनं तलावाचं पाणी गाळून त्या भरायच्या. हे दुसऱ्या दिवशीच्या वाटेसाठी; चहा-स्वयंपाकाला तलावाचंच पाणी उकळून घ्यायचो. लिटरभर पाण्याला सहा-सात मिनिटं लागायची आणि दंड भरून यायचे. भरून झालं की स्टीलच्या ताटलीवर चमच्यानं दोन टोले द्यायचे. ही डबल बेल. ती झाल्याशिवाय कुणी आडवं व्हायचं नाही.

"बेल दिली म्हंजी जबाबदारी घेतली," काका म्हणायचे. "ड्रायव्हर काय मागं वळून बघत नसतो. त्यो बेलवर गाडी काढतो."

आता विलासबद्दल. चार वर्षांपूर्वी त्यानं धाकट्या भावाला किडनी दिली. भाऊ ठणठणीत आहे, विलासही. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली, पण एका अटीवर: अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही. उन्हात तर अजिबात नाही. घरात सगळे या ट्रेकच्या विरुद्ध होते. पाचोडला माझ्या सासूबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "अनु, त्याला आता एकच हाय गं." मी छातीठोकपणे म्हटलं, "आई, पाण्याचं मी बघते. माझं कामच ते आहे."

पाचव्या दिवशी पाणक्या मी होते. त्या दिवशी अंगात त्राण नव्हतं. टाचेला फोड, खांदे सोलवटलेले. तलाव आटत आलेला, काठावर म्हशींनी तुडवून केलेला चिखल. बाटल्या मी स्वतः ओळीत मांडल्या. बाराच्या बारा रिकाम्या — हे मी डोळ्यांनी पाहिलंय, हातांनी मांडलंय. आदल्या दिवशी त्या वाळूजच्या पोरांपैकी एकानं सव्वा तासात काम उरकून मला चिडवलं होतं, "ताई, तुम्ही तर एक्स्पर्ट!" मी मनाशी म्हटलं, आता नको, पहाटे साडेचारला उठून भरून टाकू. कुणाला पत्ताही लागायचा नाही. तेवढ्यात वरून काकांची हाक आली, "ताई, झालं का पाणी?"

आणि मी ताटलीवर दोन टोले दिले.

पहाटे उठले ती विलासच्या आवाजानं. त्याच्या पायात गोळे आले होते. त्याचे पाय चोळण्यात, पट्ट्या बांधण्यात, तंबू आवरण्यात घटका गेली. अंधारात ज्यानं त्यानं आपापल्या बाटल्या उचलून सॅकमध्ये टाकल्या, माझ्या दोन बाटल्याही विलासनंच टाकल्या. पाण्याचा विषय माझ्या डोक्यातून साफ गेला. सत्तावीस वर्षं पाण्याची नोकरी करणारी बाई पाणी विसरली!

त्या दिवशीचा टप्पा सगळ्यात लांबचा होता. उघडं, बोडकं पठार, सावलीला झाड नाही. पुढचा तलाव सोळा किलोमीटरवर. साडेनऊच्या सुमारास काकांनी पहिली विश्रांती दिली. मी ग्लुकोज शोधायला सॅकमध्ये हात घातला आणि फिल्टर हाताला लागला. कोरडा ठणठणीत. परवा गुंडाळलेल्या वर्तमानपत्रात तसाच, वरून माझ्याच केसांचं रबर लावलेलं.

म्हणजे बाराही बाटल्या रिकाम्याच असणार. मागं जायचं तर साडेतीन तास. पुढं त्याहून जास्त. ऊन चढत चाललेलं. आणि विलासचा शर्ट पाठीला चिकटलेला, ओठ पांढरे पडलेले. मी तोंड उघडणार होते, खरंच उघडणार होते...

विलासनं बाटली काढली, झाकण फिरवलं आणि घटाघटा प्यायला लागला.

"काय गार लागतंय गं," तो म्हणाला. "आज काय जादू केलीस?"

मग बाकीच्यांनी काढल्या. सगळ्या काठोकाठ भरलेल्या. काका चूळ भरून म्हणाले, "व्हय की! लई गोड पानी. ताईचा हात लागला म्हंजी असंच." वाळूजच्या पोरांनी मला सलाम ठोकला. मी माझी बाटली उन्हात धरून पाहिली. पाणी काचेसारखं स्वच्छ. आणि त्या तलावाचं पाणी तर गाळूनसुद्धा पिवळसर राहिलं असतं.

माझ्याकडं टीडीएसचा पेन असतोच, सवयीनं. गुपचूप झाकणात पाणी ओतून बुडवला. आकडा पाहून दुसऱ्यांदा बुडवला. आमच्याकडच्या काळ्या दगडातल्या विहिरीला, बोअरला, तलावाला इतका कमी क्षार मी नोकरीत कधी पाहिलेला नाही. पण या पेनाला फक्त क्षार कळतात. जंतू कळत नाहीत, आणखी काय मिसळलंय ते कळत नाही. म्हणजे माझ्या नवऱ्याच्या पोटात जे चाललं होतं ते कुठून आलं, कुणी भरलं, त्यात काय आहे — यातलं मला काहीच माहीत नव्हतं. क्लोरीनच्या गोळ्या नव्हत्या, उकळायला सरपण नव्हतं. पर्याय दोनच होते. हे पाणी, नाहीतर काहीच नाही.

मी गप्प बसले. इतकंच नाही, दुसरी बाटली मीच त्याच्या हातात दिली.

खरा फटका पुढं बसला. सोळा किलोमीटरवरचा तलाव कोरडा निघाला. तळाला भेगा पडलेल्या. काकांसारख्या माणसाचाही चेहरा उतरला. पुन्हा चालत चार वाजता एका गावात पोचलो, तेव्हा शेवटच्या बाटलीत घोटभर उरलं होतं. काकांनी वाटेत प्रत्येकाचं थोडं थोडं काढून विलासला दिलं होतं. बारा लिटर होतं म्हणून तो चालत पोचला. नसतं तर काय झालं असतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

त्या रात्री आणि पुढचे आठ दिवस मी त्याचे पाय सुजलेत का ते चोरून बघत होते. कपाळाला हात लावायची, तर तो म्हणायचा, "इतकं प्रेम?" काहीही झालं नाही. रिपोर्ट नॉर्मल.

मग मी चौकशी सुरू केली, पण ताकास तूर लागू न देता. काकांना फोनवर सहज विचारलं, "काका, त्या दिवशी तुम्ही मदत केली होती का हो बाटल्या भरायला?"

"मी? तुमची पाळी आसताना मी कशाला हात लावीन? बेल झाल्यावर कंडक्टर खाली उतरत नसतो, ताई."

पोरांनीही हात झटकले. विलास तर पाय दुखत होते म्हणून जेवण होताच झोपला होता. राहता राहिली तलावाच्या वरच्या अंगाची चार घरांची वस्ती. मार्चमध्ये सुट्टी टाकून, एसटी आणि मग जीप करून मी एकटी तिथं गेले. एक म्हातारी ओट्यावर तूर पाखडत होती. मी विचारलं, तुमच्यापैकी कुणी आमच्या बाटल्या भरल्या का हो, त्या दिवशी?

ती हसलीच. "कोन भरंल बाई? आमालाच टँकर येतो, त्यो बी आठवड्यातून दोनदा. बारा लिटर पानी गेलं आसतं तर सुनांनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या आसत्या. लगीच कळलं आसतं."

"जारचं पाणी येतं का इथं?"

"इथवर रस्ता तरी हाय का?"

मी झोपेत उठून भरलं असेल, असंही एका मैत्रिणीनं सुचवलं. समजा उठले. पण मग फिल्टर कोरडा कसा? आणि नळी बुडवली असती तरी त्या तलावात ते पाणी नव्हतंच. मी येताना तिथलाही नमुना आणला, लॅबमध्ये तपासला. आमच्या तलावांचं पाणी जसं असतं तसंच निघालं. विलासच्या एका बाटलीत तळाला चमचाभर पाणी राहिलं होतं, ती बाटली मी सातव्या दिवशी भरू दिली नव्हती; तेही तपासायचं होतं. पण घरी आल्या आल्या त्यानं बाटल्या घासून पालथ्या घातल्या होत्या. शिस्तीचा माणूस.

वर्ष होत आलं. लग्नाकार्यात विलास चारचौघांत सांगतो, "अनु होती म्हणून. पाणी तिनं भरलं होतं." लोक माझ्याकडं कौतुकानं बघतात आणि मी पदर सावरत दुसरीकडं बघते. मला पाणी कुठून आलं याचं भय वाटत नाही. आलं, आणि वेळेवर आलं. उत्तर सापडलं तर ऐकायला मी तयार आहे, नाही सापडलं तरी माझी झोप उडणार नाही. झोप उडते ती मी खोटं बोलले म्हणून. आणि त्याला न विचारता, काय आहे ते माहीत नसलेलं पाणी पाजलं म्हणून.

म्हणून हे पाठवायच्या आधी काल विलासला वाचायला दिलं. त्यानं शेवटपर्यंत वाचलं. चष्मा काढून कागद माझ्याकडं सरकवला.

"मग तिथंच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू प्यायला नसतास."

"प्यायलो असतो," तो म्हणाला. "तू फक्त विचारायला हवं होतंस."