मोटरसायकलची बारावी तार

आरमोरीच्या लाकूड डेपोत मी मोजणीचा कारकून होतो. ओंडक्याची लांबी घ्यायची, मधोमध घेर घ्यायचा, त्यावर हातोड्याने ठोकलेला नंबर लिहायचा आणि घनफूट काढायचे, हे माझं काम. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात साहेबांनी मला दोन वाटा दाखवल्या. एक तर चिमूर-सिंदेवाहीकडच्या तीन डेपोंची फिरती मोजणी घ्यायची आणि घर आरमोरीतच ठेवायचं, नाहीतर दक्षिणेकडच्या एका लांबच्या डेपोवर बदली. फिरतीला अट होती. वाहन स्वतःचं पाहिजे आणि त्याचे दिवे लागले पाहिजेत, कारण परतताना जंगलात अंधार पडायचा. तपासणी महिनाभराने, सोमवारी.

बदलीच्या गावी मुलींची शाळा चौथीपर्यंतच होती. आमची मुलगी चौथीत होती. बाकी काही सांगायला नको.

एका म्हाताऱ्या ठेकेदाराच्या कोठारात लढाईच्या वेळची लष्करी मोटरसायकल पडून होती. सीटवर कोंबड्या बसत. ती मी घरी ढकलत आणली. इंजिन दहा दिवसांत चालू झालं, कारण त्याची ठिणगी वेगळ्या यंत्रातून येते, तिला बॅटरी लागत नाही. पण दिव्यांच्या तारांवरचं रबर हात लावताच भुकटी होऊन पडत होतं. म्हणून गाडी पूर्ण खोलली.

खोललीच आहे तर गंजाचाही बंदोबस्त करावा, असं वाटलं. आमच्याकडे पाण्यापासून वस्तू राखायची विद्या नाववाल्यांकडे. वैनगंगेवर नाव चालवणारे एक वडीलधारे भाऊ माझ्या ओळखीचे होते. नावेच्या फळ्यांना ते राळ आणि जवसाचं तेल एकत्र कढवून लावत. तेच त्यांनी माझ्या गाडीच्या लोखंडी सांगाड्याला लावलं. बोल्ट बसायच्या जागा मात्र ते सोडून देत होते.

"इथी कायले लावाचं, भाऊ? इथं तं बोल्टाखाली झाकूनच जाते."

"एकही जागा उघडी ठेवू नका," मी म्हणालो.

"तुमची गाडी, तुमची मर्जी," असं म्हणून त्यांनी प्रत्येक भोकाच्या कडेला, प्रत्येक चकतीला, दिवा धरणाऱ्या लोखंडी पट्टीलाही राळ चोपडली. वाळल्यावर गाडी मधासारखी चमकू लागली.

मग नव्या तारा घातल्या. एकूण अकरा. प्रत्येकीची लांबी इंचांत, कुठून निघते आणि कुठे जाते, हे मी कागदावर लिहिलं. ब्रह्मपुरीहून बॅटरी भरून आणली. रविवारी सकाळी, म्हणजे तपासणीच्या आठ दिवस आधी, दिव्याचं बटण फिरवलं. काही नाही. मागचा तांबडा दिवा, काही नाही. भोंगा, काही नाही. दिव्याच्या डोक्यावर करंट दाखवणारं छोटं घड्याळ असतं. त्याचा काटा शून्यावरून केसभरही हलला नाही.

मला राग आला नाही, उलट नवल वाटलं. काटा शून्यावर म्हणजे करंट कुठे गळतही नाही. तो निघतच नाही. का?

बॅटरीला दोन तारा लावून दिव्याचा बल्ब धरला. लख्ख लागला. म्हणजे बॅटरी चांगली, बल्ब चांगला. मग टॉर्चचा सेल आणि छोटा बल्ब घेऊन अकराही तारा एकेक करून तपासल्या. तारेच्या एका टोकाला सेल, दुसऱ्याला बल्ब, आणि बल्बची दुसरी बाजू थेट सेलवर टेकवलेली. अकराच्या अकरा वेळा बल्ब लागला. बटण तपासलं, तेही चांगलं. प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली. पाच दिवस कचेरीत जायच्या आधी हेच चाललं. दोनदा सगळ्या तारा काढून पुन्हा घातल्या.

घरात बायकोने बदली होणारच असं धरून पत्र्याची पेटी ओढून पुढे आणली होती. पितळेची मोठी परात तिने भाताच्या तणसात गुंडाळून तळाला ठेवली, तेव्हा मी म्हणालो, "एवढ्यात कशाला?"

"महिना झाला, तुमी तिले न्हाऊ घालून राह्यले, तेल लावून राह्यले. घरच्या बैलालेही एवढं कोनी लावत नाई. आनि ते डोळा उघडून नाई राह्यली."

"सगळ्या तारा चांगल्या आहेत."

"मंग लागत काऊन नाई?"

डेपोत असा प्रसंग आला तर मला काय करायचं ते ठाऊक असतं. प्रत्येक ओंडक्याचं माप बरोबर आहे आणि तरी बेरीज चुकते, तर मापं पुन्हा घेण्यात अर्थ नसतो. एखादा ओंडका मोजणीतच आलेला नसतो. तो ढिगाखाली कुठेतरी असतो. पण इथे ढीग कुठला?

शनिवारी सकाळी नाववाले भाऊ आपली राळ कशी बसली ते बघायला आले. तंबाखू मळत गाडीजवळ उकिडवे बसले. मी त्यांना सगळं दाखवलं. बल्ब बॅटरीवर धरून लावला, मग गाडीत घालून न लागलेला दाखवला. त्यांनी दिव्याकडे जाणाऱ्या तारेवरून बोट फिरवलं.

"भाऊ, एक विचारू? हसान तं नाई?"

"विचारा."

"माही नाव पल्याड जाते. वापस येते तवाच दुसरा फेरा होते. पल्याडच राह्यली तं फेरे बंद. तुमी हातात बल्ब धरला तवा दोन तारा होत्या. एकीनं गेला, एकीनं वापस आला. गाडीत दिव्याकडं एकच तार जाऊन राह्यली. मंग वापस कुठून येते?"

मी हसलो नाही. माझ्या कागदावरची पहिली ओळ वाचली. बॅटरीच्या दुसऱ्या टोकाची तार, सात इंच, सीटखाली सांगाड्याला बोल्टने बसवलेली. ती मी तपासली होती आणि चांगली ठरवली होती. ती तिथेच का संपते, हे मात्र विचारलं नव्हतं. ती संपतच नव्हती. तिच्यापुढे सगळा लोखंडी सांगाडाच तार होता. बनवणाऱ्यांनी परतीच्या तारा वाचवल्या होत्या, आणि करंट दिव्याच्या पट्टीतून, लोखंडातून बॅटरीकडे परत यायचा होता.

खात्री करायला एक लांब तार घेतली. एक टोक बॅटरीच्या त्या टोकाला आणि दुसरं दिव्याच्या पत्र्याला, आतल्या बाजूला, जिथे राळ नव्हती. बटण फिरवलेलंच होतं. दिवा असा लागला की भाऊंनी डोळ्यांवर हात धरला.

मी टोक उचललं, दिवा गेला. टेकवलं, आला. सात-आठ वेळा तेच केलं. गरज नव्हती, पण बघावंसं वाटत होतं.

"म्हंजे माह्या राळीनं वाट अडवली," भाऊ म्हणाले.

"तुमच्या राळेने नाही. माझ्या हट्टाने. तुम्ही बोल्टाखालची जागा सोडत होता."

"मी म्हनलो होतो," ते खुशीत म्हणाले. "तरी राळ पक्की हाये, हे मानाच लागन. माह्या नावेत पानी नाई शिरत, तुमच्या गाडीत करंट नाई शिरत."

आम्ही जागा मोजल्या. चार होत्या: बॅटरीच्या तारेचा बोल्ट, मोठ्या दिव्याची पट्टी, मागच्या दिव्याचा बोल्ट आणि भोंग्याचं बटण जिथे हँडलला आवळतं ती जागा. आधी बॅटरीचा बोल्ट काढून कानशीने लोखंड पांढरं होईपर्यंत खरवडलं. दिवा लागला नाही. पट्टीखालची जागा खरवडली, तेव्हा लागला. चौथी जागा झाल्यावर भोंगा वाजला आणि बायको पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"झालं?"

"झालं."

"नक्की? का उद्या अखीन बंद?"

"सोमवारी कळेल."

सोमवारी साहेबांनी गाडी लाकडांच्या शेडमध्ये, सावलीत घ्यायला लावली. दिवा बघितला, तांबडा दिवा बघितला, भोंगा दोनदा वाजवला. मग वाकून म्हणाले, "सगळीकडे तकतकीत आहे, आणि इथेच का खरवडलंय? काही मोडलेलं झाकलंय?"

"नाही साहेब. झाकलं होतं म्हणून बंद होती. उघडलं म्हणून चालू आहे." मग चारही जागा दाखवल्या आणि राळेची चूक माझीच होती हेही सांगितलं.

त्यांनी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. दिवा लुकलुकला नाही. "परवापासून चिमूर," ते म्हणाले.

घरी आलो तर नाववाले भाऊ आधीच ओट्यावर येऊन बसले होते. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. तिने पेटीचं झाकण उघडलं, परात बाहेर काढली, तिला चिकटलेलं तणस फुंकून टाकलं आणि तिच्यातच ज्वारीचं पीठ घेतलं.

"भाऊ, जेवूनच जा," ती त्यांना म्हणाली.

मुलगी आता सातवीत आहे, आरमोरीतच. त्या चार उघड्या जागा गंजतात. म्हणून दर महिन्याला बोल्ट काढून मी त्या घासतो. तारांचा कागद हत्यारांच्या डब्यात आहे. अकरा ओळींखाली बारावी लिहिली आहे: गाडीचा सांगाडा. तिच्यापुढे लांबी लिहायची राहिली आहे. ती कुठून कुठवर धरायची, हे अजून ठरवता आलेलं नाही.