खिडकीखालचं टेबल

दुकानातले सगळे तिला टेपताई म्हणत. तिच्या पर्समध्ये कंगवा नसेल एक वेळ, पण मोजायची टेप असायचीच. कुणाकडे चहाला गेली तरी कप खाली ठेवायच्या आत तिच्या नजरेनं ओट्याची उंची घेतलेली असे. लोकांना स्वयंपाकघरं आखून देण्याचं काम करता करता तिचे केस पिकायला लागले होते. आणि तिचं स्वतःचं स्वयंपाकघर असं, की फ्रिजचं दार उघडायचं तर आधी नवऱ्याला बाहेर काढावं लागे. तो बिचारा चहाचा कप हातात घेऊन निमूट दारात उभा राही.

याचं तिला कधी फार वाईट वाटलं नव्हतं. वाईट वाटलं ते धाकट्या बहिणीनं घर घेतल्यावर.

धाकटीचं असं होतं, की ती वाईट वागली आहे असं कधी म्हणताच यायचं नाही. टेपताईनं सायकलसाठी वडिलांशी भांड भांड भांडून घर डोक्यावर घेतलं होतं. धाकटीला न मागता मिळाली, कारण तोवर वडील भांडून दमले होते. पुढं शिकायला बाहेरगावी जाणं असो, मनाजोगतं लग्न असो, रस्ता मोठीनं खणायचा आणि धाकटीनं त्यावरून हसत हसत चालत यायचं. वर ती मायेनं विचारायची, "ताई, दमलीस का गं?"

तर ही धाकटी एक दिवस दुकानात आली, टेपताईच्या समोरच्या खुर्चीत बसली आणि नव्या घराचा नकाशा टेबलावर पसरून म्हणाली, की स्वयंपाकघर तूच करायचं. मला ते कारखान्यासारखं हवंय. भिंतीला गिलावा नको, विटा दिसू देत. छताखालचे पाइप झाकायचे नाहीत. कपाटं कमी, काळ्या लोखंडाच्या उघड्या फळ्या, सिमेंटचा ओटा, भांडी वरच्या दांडीला टांगलेली. आणि मोठ्या खिडकीखाली स्टीलचं लांबच लांब टेबल.

टेपताईचा हात नकाशावर तसाच राहिला.

ते टेबल तिचं होतं. लहानपणी शाळेच्या वाटेवर एक मोठं हॉटेल होतं, त्याचं मागचं दार उन्हाळ्यात उघडं असे. आत खिडकीखाली तसं टेबल होतं आणि एक आचारी उजेडात उभा राहून कांदा चिरत असे, अगदी सावकाश, राजासारखा. रात्री दोघी एका पलंगावर झोपत, तेव्हा टेपताई धाकटीला सांगे, मी मोठी झाले की माझं स्वयंपाकघर असं करणार. धाकटी ऐकता ऐकता झोपून जायची. निदान टेपताईला तसं वाटायचं.

तिनं काम घेतलं. नाही म्हणायला कारण नव्हतं. घरी आल्यावर मात्र भांडी अशी आदळली, की नवऱ्यानं विचारलं, कुणाचा राग आहे. ती म्हणाली, कुणाचा नाही. तो गाडी शिकवायचा धंदा करत होता, शेजारी बसलेला माणूस कधी घाबरलाय आणि कधी चिडलाय हे त्याला न बघता कळायचं.

काम तिनं मन लावून केलं, हीच तर गंमत. विटांचा रंग स्वतः निवडला. लोखंडी फळ्यांच्या कडा हाताला लागू नयेत म्हणून वेल्डरकडून पुन्हा घासून घेतल्या. सिमेंटचा ओटा डाग धरतो म्हणून त्यावर दोनदा लेप दिला. जसजसं ते सुंदर होत गेलं तसतसं तिच्या पोटात दुखत गेलं. ही चहाखेरीज काही करत नाही आणि हिला एवढा ओटा कशाला, असं मनात येई, आणि त्याच हातानं ती दिव्याची उंची बोटभर खाली घेई.

टेबल लावायची वेळ आली तेव्हा ती धाकटीला म्हणाली, "खिडकीखाली नाही बसणार ते. तिथून सांडपाण्याचा पाइप गेलाय. जमिनीत बोल्ट मारता येणार नाहीत."

खोटं होतं. पाइप दुसऱ्या भिंतीला होता. धाकटीनं एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे, आणि म्हणाली, "तू म्हणशील तसं." टेबल समोरच्या आतल्या भिंतीला बसलं. वेल्डरनं टेपताईकडे जरा जास्त वेळ पाहिलं, पण बोल्ट मारले. त्या रात्री टेपताईला छान झोप लागली. हे तिला सकाळी आठवलं तेव्हा कसंसंच झालं.

धाकटी राहायला गेली. टेपताई काही ना काही निमित्त काढून जायचं टाळत राहिली. शेवटी एका सुट्टीच्या दुपारी गेली. धाकटी त्या टेबलाशी उभी राहून गाजरं चिरत होती. खिडकी पाठीमागं, उजेड भरपूर, पण सगळा तिच्या पाठीवर. चिरायच्या फळीवर तिचीच सावली पडलेली. बोट कापू नये म्हणून मान वाकडी करून चिरत होती. टेपताईला आधी बरं वाटलं. मग ती मान बघवेना.

"तो पाइप," ती म्हणाली.

"नव्हताच," धाकटी गाजरावरून नजर न काढता म्हणाली. "वेल्डरनं मला त्याच दिवशी सांगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"खिडकीखालचं टेबल तुझं होतं ना, ताई. पलंगावर सांगायचीस तू. मी मागितलं तेव्हा तुझा चेहरा पाहिला. म्हटलं, एवढं एक तुझंच राहू दे."

टेपताईच्या अंगाची लाही लाही झाली. घर हिचं, खिडकी हिची, आणि आता मोठं मनही हिचंच. भांडली असती तर बरं झालं असतं. तिला रडू आलं आणि ते रागाचं होतं, दुसऱ्या कशाचं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तिनं वेल्डरला बोलावलं. धाकटी नको नको म्हणत होती. तिला तिनं ओट्याशी बसवून ठेवलं. बोल्ट कापताना ठिणग्या उडाल्या, फरशीचा एक तुकडा निघाला. टेबल दोघा माणसांनी आणि दोघी बहिणींनी मिळून खिडकीखाली ओढलं. वेल्डर हातरुमालानं घाम पुसत म्हणाला, "आता बरोबर दिसतंय, ताई."

धाकटीनं तिच्या हातात सुरी दिली. टेपताईनं एक कांदा चिरला. सावली नाही, मान वाकडी नाही, प्रत्येक पाकळी वेगळी दिसत होती. तिला वाटलं होतं तितकंच ते चांगलं होतं, आणि म्हणूनच जास्त टोचलं.

आतल्या भिंतीच्या मापाचं टेबल खिडकीखाली मावेना, म्हणून सरकवताना त्याची एक बाजू कापावी लागली होती. तो उरलेला पत्रा धाकटीनं देऊ केला. टेपताईनं घेतला नाही. तिनं आपल्या पैशानं नवा आणला, जेमतेम दोन वीत रुंद, आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या लहान खिडकीखाली बिजागरीवर बसवला, काम झालं की खाली दुमडून ठेवता येईल असा. त्यासाठी फ्रिज बाहेरच्या खोलीत गेला. आल्यागेल्याला तो सोफ्याशेजारी दिसतो आणि लोक हसतात. नवरा मात्र खूश आहे, त्याला आता कप घेऊन दारात उभं राहावं लागत नाही.

खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात, फार काही नाही. उजेड सकाळी तेवढा येतो. धाकटी आली की तिथं उभी राहून म्हणते, ताई, इथं किती छान वाटतं गं. ती हे खरंच म्हणते की बरं वाटावं म्हणून, याचा टेपताई अजून विचार करते. आणि धाकटीकडे गेली, की दारातून आत पाऊल टाकताना अजूनही तिची नजर आधी त्या खिडकीकडे जाते.