उज्जैन: मोफत विद्येला लावलेलं कुलूप

उज्जैनला सगळे महाकालासाठी जातात. मी गेले भैरवगढच्या ठशांनी छापलेल्या चादरींसाठी आणि फ्रीगंजातल्या मावशीच्या आग्रहापायी. इंदूरहून बस सोयीची पडते, फक्त खिडकीची जागा धरा.

सकाळी टावर चौकात पोहे-जलेबी खाल्ली आणि मावशीची सून वर्षा मला जवळच्या लायब्ररीत घेऊन गेली. वर्षा खासगी शाळेत शिकवते. गणित शिकवण्याचा एक मोफत ऑनलाइन कोर्स तिनं फोनवरच पुरा केला होता. प्रमाणपत्र मिळालं की नव्या शाळेतली नोकरी पक्की. पण परीक्षा दुसऱ्याच दिवशी, ती फोनवर देता येत नाही, आणि घरात कॉम्प्युटर नाही. लायब्ररीत 'ई-लर्निंग कक्ष' असल्यामुळे ती निर्धास्त होती.

कक्ष आहे, कुलूपबंद. ग्रंथपालांनी तो कौतुकानं उघडून दाखवला. कॉम्प्युटरवर प्लास्टिकची आवरणं, त्याखाली उद्घाटनाच्या पूजेची कुंकवाची स्वस्तिकं. वापरायची मात्र मनाई, बिघडले तर जबाबदार कोण? शेजारच्या काचेच्या कपाटात इंटरनेटवरची पाठ्यपुस्तकं होती, लिहिणाऱ्यांनी कुणीही वाचावीत, वाटावीत म्हणून मोकळी सोडलेली. या महाभागांनी ती छापून घेतली, बांधून घेतली आणि वर शिक्का मारला: बाहेर नेण्यास मनाई. मी कपाळाला हात लावला. अहो, खोली उघडी ठेवा, वाय-फाय चालू ठेवा, कुठे काय मोफत शिकता येतं ते दाराशी लावा. एवढंही जमू नये?

"मैडम, फ्री की चीज़ सबको दे दो तो कदर नहीं रहती," शिक्क्यावरची माझी नजर पाहून ग्रंथपाल म्हणाले.

मी तोंड उघडणार तोच वर्षानं माझा हात दाबला. मी चार दिवसांची पाहुणी. तिला याच गावात राहायचंय. बाहेर आल्यावर तिचे डोळे भरले. त्या माणसाचा मला तेव्हा संताप आला, अजून येतो.

दुसरा दिवस माझ्या मुक्कामाचा शेवटचा; रामघाट आणि भैरवगढ दोन्ही रद्द. जेवणाच्या टेबलावर मी कामासाठी बरोबर आणलेला लॅपटॉप मांडून वर्षानं परीक्षा दिली. मावशीनं तेवढा वेळ कुकरसुद्धा लावला नाही.

चादरीविना पुण्याला परतले. काही दिवसांनी वर्षाचा फोन आला. पास झाली, नोकरीही मिळाली. बातमी ऐकून ग्रंथपाल घरी आले होते, फोटो मागायला. 'ई-लर्निंग कक्षाचं यश' म्हणून फलकावर लावायचा होता. कक्ष अर्थातच बंद.

"दिलास?" मी विचारलं.

"नाही ताई. मी म्हटलं, सर, पहले ताला खोलिए. जो तिथे बसून परीक्षा देईल ना, त्याचा फोटो लावा."