ठकूबाईची नजर आणि बंपरचं भोक

ही गोष्ट सांगायची मी चार वर्षं टाळली. वाटलं, मी गेलो की आपोआप मिटेल. पण मी काही लवकर जाईन असं दिसत नाही.

सतीशने, माझ्या मुलाने, नवी गाडी घेतली आणि मला बजावलं, "आबा, मोतीबिंदू काढल्याबिगर चावीला हात लावायचा न्हाई." तो आणि त्याची आई लग्नाला गेले, तशी मी गाडी नेरे गावातल्या आमच्या रानापर्यंत नेली. बांधावरचा म्हसोबा मला दिसला, पण जरा उशिरा. पुढचा बंपर वीतभर तडकला.

गोठ्यात बसून मी दुरुस्ती केली. तडा पुढे पळू नये म्हणून त्याच्या टोकाला ड्रिलने भोक पाडायचं (हे मोबाइलवर पाहिलं होतं), आतून तारेची जाळी तापवून प्लास्टिकमध्ये दाबायची, वरून पुट्टी आणि रंग. सगळं झालं. भोक तेवढं बुजवायचं राहिलं.

रविवारी भर दुपारी आम्ही तिघं लवासाच्या रस्त्याला लागलो. धुकं इतकं, की अर्धवट इमारतींच्या खिडक्या तेवढ्या हवेत लटकलेल्या दिसत होत्या. गाडीने चाळीसचा वेग घेतला आणि समोर कुणी बाई रडू लागली. बारीक, लांबत जाणारा आवाज.

"सत्या, थांबव," शांता, माझी बायको, म्हणाली.

गाडी थांबली. रडणंही थांबलं. सतीश उतरून बघून आला. "कोन न्हाई हितं."

निघालो, तर पुन्हा ती. वेग वाढवला, तर तिचा आवाज चढला.

"आपल्यासंगं पळतीया," शांता पुटपुटली.

मी मागच्या सीटवर म्हसोबाला कोंबडं कबूल केलं. (मनातल्या मनात. मोठ्याने केलं असतं, तर कारण सांगावं लागलं असतं.)

घरी येताच शांताने निकाल दिला. "ठकूची नजर. परवा गाडीवर हात फिरवून म्हनली, लई देखनी हाय."

ठकूबाई धनगरीण. दर साली तिच्या मेंढ्या आमच्या रानात बसायच्या. लेंडीखत आम्हाला, धान्य तिला. शांताने दुसऱ्याच दिवशी तिला सांगितलं, "औंदापासनं आमच्या रानात बसवू नको." ठकूबाईने कारण ऐकलं आणि मेंढ्या उठवल्या.

त्याच दुपारी गाडी पुसताना मी बंपरवरची धूळ फुंकली. बंपर रडला.

मी घाईघाईने भोक बुजवलं. दुसऱ्या दिवसापासून गाडी गप्प. "बगा," शांता म्हणाली, "ती गेली आन् पीडा गेली." माझ्या दुरुस्तीनेच तिच्यावरचा आळ पक्का केला होता. बोलायची वेळ तीच होती. मी जेवायला बसलो. महिन्याभरात निम्म्या गावाने ठकूबाईला रान नाकारलं.

पुढच्या साली ती जांबे गावात, दोन उंच इमारतींमधल्या मोकळ्या जागेत उतरल्याचं कळलं. मी मुद्दाम गेलो. तिने चहा टाकला.

"आबा, गाडी बरी हाय न्हवं?"

"हाय."

"माजी नजरच वंगाळ. मला ठावंच नव्हतं बगा." ती चुलीकडे बघत बोलत होती. "आता नातवाकडंबी मी सरळ बगत न्हाई."

वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं: ठकूबाई, ते भोक मी पाडलं होतं. मी घसा साफ केला. तिने मान वर केली, आणि लगेच खाली घातली.

"साखर बेतानं टाक," मी म्हणालो. "मला शुगर हाय."