कोल्हापूरची आरी आणि सीलचं कातडं

अख्ख्या अलास्कात कातड्याला नुसता हात लावून जनावर ओळखणारा मराठी माणूस मी एकटाच. म्हणजे इथे मला दुसरा मराठी माणूस भेटलाय तो माझाच मुलगा, आणि तो कीबोर्डशिवाय कशाला हात लावत नाही.

मी सातवी नापास. जन्म चपला शिवण्यात गेला. आता मुलाकडे अँकरेजला असतो आणि उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांच्या म्युझियममध्ये व्हॉलंटियर म्हणून लोकांचे कोट सांभाळतो. कोट लोक परत नेतात. किस्से माझ्याकडेच साचतात.

*

एका टुरिस्टने मला विचारलं, "तुमची जमात कुठली?"

म्हटलं, "कोल्हापूर. खूप दक्षिणेला."

"तिथे सील मिळतात?"

"नाही, म्हशी. पण पोहतात."

शेजारच्या टेबलावर ॲग्नेसबाई लोकांना कातडं शिवण्याची कला समजावून सांगतात. इथल्याच मूळच्या युपिक समाजाच्या, माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. त्या म्हणाल्या, "आजपासून तू माझा मामेभाऊ."

मला वाटलं, मान मिळाला. मग कळलं, त्यांच्यात आतेमामे भावंडांनी एकमेकांची जन्मभर खेचायची आणि रागवायचं नाही, असा रिवाज आहे.

*

काचेतल्या जुन्या बुटांना मी एकदा हात जोडले.

"देव नाहीत ते," ॲग्नेसबाई म्हणाल्या. "माझ्या आजीचे बूट आहेत. काचेत गेल्यापासून बिचारे कुठे गेले नाहीत."

*

यंदा बाईंची बोटं आखडली, सुई धरवेना. आणि नातीला शनिवारी नाचायला नवे बूट हवे होते.

म्हटलं, "द्या इकडे. चार पिढ्यांचा हात आहे." आरी घेतली, सीलच्या कातड्याला आरपार भोकं पाडली, झकास टाके घातले. बाईंनी बुटात पाणी भरलं. चहूबाजूंनी कारंजी.

"सुंदर," त्या म्हणाल्या. "जाळं विणायला कुणी शिकवलं?"

त्यांच्यात सुई कातड्याच्या अर्ध्या जाडीतूनच परत फिरवतात. आरपार गेली की पाणी शिरलंच. साठ वर्षं मी आरपार गेलेला माणूस. आता चार दिवसांत अर्ध्यावर थांबायला शिकायचं होतं. बाई शेजारी बसून एकेक टाका उसवायला लावायच्या.

*

शुक्रवारी दोन्ही बूट टेबलावर ठेवले. बाईंनी खाली कोरडा कागद अंथरला, बुटांत काठोकाठ पाणी भरलं आणि चहा घेऊन बसल्या. अख्खा कप सावकाश संपवला. मग कागद ओढून काढला, गालाला लावला.

कोरडा.

माझी छाती कोटात मावेना. म्हटलं, "बाई, आता हे काचेत ठेवायचे. खाली माझं नाव, गावासकट."

त्यांनी पाणी ओतून दिलं, बूट पुसले आणि नातीच्या पिशवीत घातले.

"काचेत तू बस. हे उद्या नाचणार आहेत."